ब्रँडी कोणती घ्यावी? नवख्यांसाठी तीन प्रश्न आणि दोन ग्लास

"कोन्याक चांगली की ब्रँडी?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की माझं उत्तर तोंडपाठ झालंय: गुलाब चांगला की फूल? कोन्याक ही ब्रँडीच आहे. आर्मान्याक, काल्व्हादोस, पिस्को, ग्राप्पा, किर्श ही सगळी त्याच घराण्यातली. फरक एवढाच की या घराण्यात सख्ख्या भावंडांचेही चेहरे जुळत नाहीत.

विचारणाऱ्याची चूक नसते. घोळ बाटली घालते. लेबलवर सोनेरी मुकुट, पदकं आणि दोन-तीन आद्याक्षरं असतात, आणि आत काय चव आहे याबद्दल त्यातलं एकही अक्षर धड बोलत नाही. म्हणून मी नवख्यांना सांगतो की ती अक्षरं शेवटी वाचा. आधी तीन प्रश्न विचारा: फळ कोणतं, गाळली कशी, मुरवली कशात? या तिन्हींची उत्तरं मिळाली की बूच न उघडताही चवीचा अंदाज बांधता येतो.

पहिला प्रश्न: फळ कोणतं?

ब्रँडी हा शब्द डच 'ब्रांडेवाइन'वरून आला. अर्थ 'जाळलेली वाइन', म्हणजे आगीवर तापवून तिची वाफ धरलेली. नुसतं 'ब्रँडी' म्हटलं की बहुतेक वेळा द्राक्षाच्या वाइनपासून गाळलेली दारू अभिप्रेत असते. पण फळ बदललं की सगळंच बदलतं, म्हणून आधी ढोबळ वाटण्या करून घ्या.

वाइनपासूनची: कोन्याक आणि आर्मान्याक (दोन्ही फ्रान्समधल्या त्याच नावांच्या प्रदेशांतल्या), स्पेनमधली हेरेझची ब्रँडी, पेरू आणि चिली या देशांतली पिस्को.

चोथ्यापासूनची: वाइन काढल्यावर द्राक्षांची सालं, बिया आणि देठ उरतात. त्यातही दारू शिल्लक असते. ती गाळली की इटलीत ग्राप्पा म्हणतात, फ्रान्समध्ये मार. चव रांगडी, गवतासारखी, थोडी झणझणीत. पहिल्याच ओळखीत ही कुणाला आवडल्याचं मी क्वचित पाहिलंय, त्यामुळे सुरुवात हिच्यापासून करू नका.

इतर फळांपासूनची: सफरचंदाची काल्व्हादोस, चेरीची किर्श, आलुबुखाराची स्लिव्होवित्झ, नासपतीची पोआर विल्यम्स. काल्व्हादोस सोडली तर यातल्या बहुतेक पाण्यासारख्या स्वच्छ असतात, कारण त्यांना लाकडाचा वास लागू नये यासाठी धडपड असते. सगळं कौतुक फळाच्या वासाचं. किर्शमध्ये चेरीच्या आठळीमुळे कडू बदामाचा एक हलका वास येतो. तो एकदा ओळखलात की विसरणार नाही. काही नासपतीच्या बाटल्यांत अख्खं फळ दिसतं. ते आत ढकललेलं नसतं. फळ बोराएवढं असतानाच रिकामी बाटली फांदीला बांधतात आणि ते आतच वाढतं.

इथे एक सापळा आहे. लेबलवर 'चेरी ब्रँडी' किंवा 'ॲप्रिकॉट ब्रँडी' लिहिलं असेल तर ती फळापासून गाळलेलीच असेल असं समजू नका. युरोपच्या नियमांतही ही नावं साखर घातलेल्या गोड लिक्युअरना वापरायची मुभा आहे. अल्कोहोलचं प्रमाण तिशीच्या आत आणि ओतताना धार पाकासारखी दाट दिसली, तर ती लिक्युअर समजा.

दुसरा सापळा मोठा. युरोपीय संघात 'ब्रँडी' म्हणायला ती वाइनपासूनच हवी आणि ओकच्या लाकडात किमान ६ महिने (मोठ्या भांड्यात असेल तर वर्षभर) ठेवलेली हवी. सगळीकडे असा नियम नाही. काही देशांत उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलला रंग आणि वास देऊनही ब्रँडी म्हणून विकतात. बाटली उलटून मागचं बारीक लेखन वाचा. द्राक्ष किंवा वाइन हा शब्द कुठेच नसेल, तर पुढचे दोन प्रश्न विचारायची तसदी घेऊ नका.

दुसरा प्रश्न: गाळली कशी?

मराठीत 'पहिल्या धारेची' म्हटलं की जहाल, अस्सल असा अर्थ होतो. ब्रँडीच्या भट्टीवर मात्र पहिली धार कुणी पिपात जाऊ देत नाही. सुरुवातीला जे निघतं ते उग्र, नाकात जाणारं, वार्निशसारखं. ते बाजूला काढतात. शेवटचं जड आणि ओशट, तेही वेगळं. मधला भाग, ज्याला फ्रेंच लोक 'हृदय' म्हणतात, तोच मुरवायला जातो. कुठे कापायचं हे गाळणाऱ्याचं नाक आणि जीभ ठरवते.

भट्ट्या दोन प्रकारच्या. एक तांब्याचा मोठा हंडा, कांद्याच्या आकाराचं डोकं आणि त्यातून निघालेली वाकडी नळी. यात एकदा गाळून भागत नाही, दोनदा गाळावं लागतं. कोन्याकला ही पद्धत सक्तीची आहे. तिथली वाइन मुख्यतः युनी ब्लांक या द्राक्षाची, पातळ आणि आंबट. जेवणाबरोबर प्यायला दिली तर तोंड वाकडं कराल. पण आंबटपणामुळे ती गंधकाशिवाय टिकते, आणि गंधक नको असतो कारण भट्टीत त्याचा वास आणखी दाट होतो. पहिल्या फेरीत सुमारे ३० टक्के अल्कोहोलचं गढूळ द्रव निघतं, दुसऱ्या फेरीत ७०च्या आसपासचं स्वच्छ. लिटरभर असा अर्क काढायला सुमारे ९ लिटर वाइन खर्ची पडते. आणि हे सगळं सुगीनंतरच्या ३१ मार्चच्या आत उरकावं लागतं, नंतर भट्टी पेटवायची नाही.

दुसरी भट्टी उंच स्तंभाची, सलग चालणारी. आर्मान्याक परंपरेने अशाच, पण बुटक्या स्तंभात एकदाच गाळतात. धार ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघते. कमी ताकदीवर गाळलं की वाइनमधलं बरंच काही बरोबर येतं: फळ, माती, थोडा खडबडीतपणा. जास्त ताकदीवर गाळलं की दारू तलम आणि हलकी होते. कोन्याक आणि आर्मान्याक शेजारी ठेवून प्यायलात की हा फरक जिभेला आपोआप कळतो. कोन्याक इस्त्रीच्या कापडासारखी, आर्मान्याक हातमागाच्या. मला विचाराल तर मी हातमागवाला आहे, पण ती माझी खोड आहे, गुणवत्तेचा निकाल नव्हे.

पेरू देशातली पिस्को या प्रश्नावर सगळ्यांपेक्षा कडक. ती एकदाच गाळतात आणि भट्टीतून जशी निघाली तशीच बाटलीत भरतात. ताकद उतरवायला पाण्याचा थेंबही घालायचा नाही. लाकूड वर्ज्य. काच, स्टील अशा स्वतःचा वास न देणाऱ्या भांड्यात किमान ३ महिने विसावा, बस्स. आठच जातींची द्राक्षं चालतात. लेबलवर 'पुरो' म्हणजे एकाच जातीची, 'आचोलादो' म्हणजे मिश्र, आणि 'मोस्तो व्हेर्दे' म्हणजे रस पुरता आंबायच्या आधीच गाळलेली. हिला द्राक्षं जास्त लागतात आणि ती तोंडात रेशमासारखी वाटते. चिलीच्या पिस्कोत पाणीही चालतं आणि लाकूडही. नावावरून दोन्ही देशांचं भांडण जुनं आहे, त्यात आपण पडू नये. पण बाटली कोणत्या देशाची ते बघावं, कारण आतली चीज वेगळी असते.

तिसरा प्रश्न: मुरवली कशात, किती?

भट्टीतून निघालेली ब्रँडी नितळ पांढरी असते. रंग, व्हॅनिलाचा वास, तुरटपणा, दालचिनीची झाक हे सगळं ओकचं देणं. पिंप श्वास घेतं. आतून थोडं थोडं उडून जातं, बाहेरची हवा आत येते, आणि ब्रँडीचा तिखटपणा बोथट होत जातो. उडून जाणाऱ्या भागाला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. कोन्याकच्या कोठारांत तो वर्षाला सुमारे २ टक्के धरतात. त्या वाफेवर एक काळी बुरशी जगते, आणि तिथल्या कोठारांच्या भिंती आणि कौलं तिच्यामुळे काजळी धरल्यासारखी दिसतात.

आता अक्षरं वाचायला हरकत नाही. कोन्याकमध्ये व्हीएस म्हणजे मिश्रणातली सगळ्यात कोवळी ब्रँडी किमान २ वर्षं पिपात होती. व्हीएसओपी म्हणजे ४ वर्षं. एक्सओ म्हणजे १०. ही अट २०१८ पासूनची, त्याआधी ६ पुरत. आर्मान्याकमध्ये व्हीएसला १ वर्ष पुरतं, व्हीएसओपी आणि एक्सओ तेच ४ आणि १०. ही अक्षरं इंग्रजी आहेत, कारण गिऱ्हाईक इंग्रज होतं. व्हीएसओपी म्हणजे 'व्हेरी सुपीरियर ओल्ड पेल'. लक्षात ठेवायचं एवढंच, की या दोन प्रदेशांबाहेर या अक्षरांना सगळीकडे सारखा अर्थ नाही. कुणाही बाटलीवर एक्सओ छापलेलं दिसलं म्हणून दहा वर्षं मोजू नका.

कोन्याकच्या लेबलवर 'फीन शांपान्य' दिसलं तर बुडबुड्यांच्या शॅम्पेनशी त्याचा संबंध नाही. ग्रांद शांपान्य आणि पेतित शांपान्य ही कोन्याकमधल्याच दोन पट्ट्यांची नावं आहेत, आणि या मिश्रणात निम्म्याहून कमी ग्रांद शांपान्य चालत नाही.

आर्मान्याकची एक गंमत इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण भेट म्हणून हीच बाटली जास्त घेतली जाते. आर्मान्याकवर साल छापायची चाल आहे: १९८२, १९७५, कुणाच्या तरी जन्माचं वर्ष. साल सुगीचं असतं आणि अशी बाटली किमान १० वर्षं मुरवलेली लागते. पण ब्रँडी वयाने वाढते ती लाकडात. काचेत गेली की वय थांबतं. पुरेशी मुरली असं वाटलं की मालक ती पिपातून काढून मोठ्या काचेच्या घड्यांत भरून ठेवतो. तेव्हा १९७५ची बाटली पंधरा वर्षांची असू शकते किंवा चाळीस वर्षांची. मागच्या बाजूला बाटली भरल्याचं साल शोधा आणि वजाबाकी करा. पिपातून काच कधी गाठली हेही लिहिलं असेल तर मालक प्रामाणिक आहे म्हणायचं.

हेरेझची पद्धत उलटी, तिथे सालाला अर्थच नाही. पिंपांच्या रांगा लावलेल्या असतात. सगळ्यात जुन्या रांगेतून काही भाग बाटल्यांसाठी काढतात, तेवढी तूट तिच्याहून कोवळ्या रांगेतून भरतात, तिची तूट आणखी कोवळ्या रांगेतून. याला सोलेरा म्हणतात. पिंपं आधी शेरी वाइनने भिजलेली असतात, म्हणून ब्रँडीत मनुका, अंजीर, अक्रोड उतरतात. नुसतं 'सोलेरा' असेल तर सरासरी वय किमान ६ महिने, 'रेसेर्व्हा' १ वर्ष, 'ग्रान रेसेर्व्हा' ३ वर्षं. वर्षं कमी दिसतात, पण चव बरीच भारदस्त लागते. गोडसर, गडद आणि मवाळ काही हवं असेल तर नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

काल्व्हादोसमध्ये तीन नावं. साधी काल्व्हादोस आणि 'पेई दोझ' या दोघींना किमान २ वर्षं. पेई दोझ दोनदा हंड्यात गाळलेली. 'दोंफ्राँते'त निदान ३० टक्के नासपती आणि ३ वर्षं. कोवळी काल्व्हादोस नुकत्याच चिरलेल्या सफरचंदासारखी वास मारते, जुनी भाजलेल्या सफरचंदासारखी.

आणि हो, गडद रंग म्हणजे जुनी ब्रँडी हा समज डोक्यातून काढून टाका. कॅरमेल घालून रंग सारखा करायला कोन्याकमध्येसुद्धा परवानगी आहे.

कशासाठी हवी आहे?

आता निवड सोपी होते. कॉकटेलमध्ये घालायची असेल तर एक्सओ घेऊ नका. लिंबू आणि साखर त्या दहा वर्षांचं भजं करतात. साइडकारसाठी व्हीएस किंवा व्हीएसओपी कोन्याक, पिस्को सावरसाठी अर्थातच पिस्को. स्वयंपाकात ज्वाळा उठवायच्या असतील तर सगळ्यात साधी, आणि बाटली आचेपासून लांब ठेवून, वाटीत मोजून.

नुसती घोट घोट प्यायची असेल तर स्वतःला विचारा. तलम आणि फुलांचा वास आवडतो? व्हीएसओपी कोन्याक. रांगडी, मनुकेदार, जरा तोंडात भांडणारी? आर्मान्याक. गोडवा? हेरेझ. लाकूडच नको, फळच हवं? पिस्को किंवा किर्श. एक्सओ घ्यायची घाई करू नका. सुरुवातीला आपल्याला नेमकं काय आवडतं तेच ठाऊक नसतं.

सर्दीपडशावर औषध म्हणून मात्र कोणतीच घेऊ नका. ब्रँडीने ऊब येते ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने; अंगाच्या आतली उष्णता उलट बाहेर निसटते.

दोन ग्लास घ्या

एकटी ब्रँडी चाखून नवख्याला काही कळत नाही. 'जळजळली' याच्यापलीकडे शब्द सुचत नाहीत. दोन शेजारी ठेवल्या की तुलना आपोआप बोलू लागते. दोन्हींत प्रत्येकी १५ मिली ओता, जास्त नको. ४० टक्क्यांच्या या एकूण ३० मिलीत साधारण साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि शिकायला तेवढं पुरतं. पहिली जोडी माझ्या मते कोन्याक आणि आर्मान्याक, दोन्ही व्हीएसओपी. दुसऱ्या दिवशी तीच कोन्याक आणि हेरेझची ग्रान रेसेर्व्हा. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी फक्त वास घ्यावा. तोही अर्धा अभ्यास आहे.

ग्लास लहान, पोट फुगीर, तोंड निमुळतं, ट्युलिपच्या कळीसारखं. चित्रपटांत दिसतो तो भोपळ्याएवढा ग्लास मला अजिबात पसंत नाही. त्यात अल्कोहोलची वाफ साचते आणि नाक बधिर होतं. मेणबत्तीवर ग्लास गरम करणं हा तर शुद्ध तमाशा. तळहाताची ऊब पुरते.

ग्लास आधी हनुवटीशी धरा. तिथेच पहिला वास येईल, सगळ्यात हलका. मग हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवून. नाक आत खुपसलंत तर फक्त ठसका मिळेल. पहिला घोट जिभेला सरावण्यासाठी. त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा, गिळा आणि घड्याळाकडे बघा. चव किती वेळ रेंगाळते? साध्या ब्रँडीची मिनिटाच्या आत विरते. चांगलीची बराच वेळ बदलत राहते: आधी फळ, मग मसाला, मग लाकूड. फार तिखट वाटली तर चमच्याने तीन-चार थेंब पाणी घाला. त्यात कमीपणा काही नाही.

बाटली उभी ठेवा

वाइनची सवय असल्यामुळे मी एकदा आर्मान्याकची चांगली बाटली वर्षभर आडवी ठेवली होती. उघडायला गेलो तर बुचाचा भुगा झाला, अर्धा हातात, अर्धा बाटलीत, आणि ब्रँडीला ओल्या पुठ्ठ्याचा वास. ४० टक्क्यांचं अल्कोहोल बूच खातं. बाटली उभीच ठेवायची, उजेडापासून लांब. न उघडलेली वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते, सुधारत नाही आणि बिघडतही नाही. उघडलेली निम्म्याच्या खाली गेली की आतली हवा काही महिन्यांत वास उडवायला लागते. तेव्हा उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

शेवटी एक युक्ती, जिला पैसा लागत नाही. चाखून झाल्यावर ग्लास धुऊ नका. झाकूनही ठेवू नका, रात्रभर टेबलावर राहू द्या. सकाळी दोन्ही रिकाम्या ग्लासांत नाक घाला. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, तळाशी पिवळसर पापुद्रा वाळलेला असतो. वरून गोडी आणि रंग दिलेल्या ब्रँडीच्या ग्लासात बहुधा नुसत्या जळक्या साखरेचा वास उरतो. नीट मुरलेलीच्या ग्लासात जर्दाळू, अक्रोडाचं साल, जुन्या कपाटाचं लाकूड असं काहीबाही दरवळत असतं. कोणता ग्लास कोणत्या बाटलीचा, याची चिठ्ठी मात्र रात्रीच खाली ठेवा. सकाळी आठवत नाही.